साहेब नसताना

सर्व्हर कोसळला तर कंपनीचं काम पुन्हा कसं सुरू करायचं, याची आज चाचणी होती. नियम साहेबांनीच घातला, "समजा, मी मेलोय. मला काही विचारायचं नाही."

टीम पासवर्डवरून भांडली, चुकीचाच बॅकअप लावून बसली. साहेबांचे हात शिवशिवत होते. ते उठले, येरझाऱ्या घालून पुन्हा बसले.

"साहेब, भूत होऊन तरी एक हिंट द्या!"

सगळे हसले. साहेबांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. शेवटी एकदाचा सर्व्हर सुरू झाला.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यांनी मेन स्विच बंद केला. "समज, मी नाहीये. कर सगळं सुरू."

अंधारात बायको जागची हललीच नाही.

"डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलास ना?"