वीस की एकवीस

माणसानं चंद्रावर पाऊल ठेवलं ते वीस जुलैला की एकवीसला, यावरून पुण्यातले बाबा आणि अमेरिकेत नोव्हायला राहणारा त्यांचा मुलगा यतीन दरवर्षी फॅमिली ग्रुपवर भांडायचे. “तुमच्या अमेरिकेत असेल वीस. इथे एकवीसची सकाळ होती, मी रेडिओवर ऐकलंय,” बाबा लिहायचे. यतीननं ते कधीच मान्य केलं नाही.

यंदा एकवीसच्या पहाटे बाबा गेले. नोव्हायला तेव्हा वीसची संध्याकाळ होती, बाहेर ऊन होतं. यतीननं ऑफिसचा रजेचा फॉर्म उघडला आणि मृत्यूची तारीख भरली, एकवीस. अजून न आलेली तारीख चालणार नाही, असं लाल अक्षरांत आलं.

“वीस टाक ना,” त्याची बायको हळूच म्हणाली.

“नाही. एकवीसच,” यतीन म्हणाला आणि बारा वाजायची वाट बघत बसून राहिला.