अकराव्या दिवसाची रेघ

जयेंद्रगंजातल्या आमच्या घरी प्रांजलीची उंची दर वाढदिवसाला स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीनं टिपायचो. नऊ रेघा झाल्या होत्या. नवव्या वाढदिवशी तिनं प्रॉक्सिमा बी या ग्रहाचं चित्र काढलं. सव्वाचार प्रकाशवर्षं दूर. एका बाजूला कायम ऊन, दुसरीकडे कायम काळोख असावा म्हणतात. मधल्या पट्टीत तिनं न संपणारी संध्याकाळ रंगवली आणि तिथे स्वतःचं घर काढलं.

“बाबा, वहाँ का साल फक्त अकरा दिवसांचं! दर अकराव्या दिवशी माझा बर्थडे!”

महिनाभरात ती तापानं गेली.

अकराव्या दिवशी चौकटीवर दहावी रेघ दिसली. मला वाटलं, माझ्या बायकोनं, दुर्गानं ओढली. तिला वाटलं, मी.

मग दर अकराव्या दिवशी एक. वर्षाच्या आत रेघा दुर्गाच्या कपाळापर्यंत चढल्या आणि थांबल्या.

“माझ्याएवढी झाली हो,” दुर्गा म्हणाली. त्या दिवशी तिनं शिरा केला.

दुसरं वर्ष सरता सरता रेघा खाली येऊ लागल्या. आधी बोटभर, मग वीतभर. हात कापत असावा, तशा वेड्यावाकड्या.

“वाकली असेल,” दुर्गा म्हणाली. “आपल्याहून म्हातारी झाली पोर.”

आज सकाळी रेघ उंबऱ्याला लागून होती. आडव्या पडलेल्या माणसाच्या डोक्याइतकी.

दुर्गानं आतून प्रांजलीची उशी आणून रेघेपाशी ठेवली.

आमच्या डोळ्यांदेखत उशी मधोमध हळूहळू दबत गेली.