डाव्या विंगरची पोच

करारात कादरला दरमहा पंचाहत्तर रुपये, कंपनीच्या चाळीत एक खोली आणि मॅचच्या दिवशी शेरभर दूध मिळायचं होतं. बदल्यात त्याने फक्त फुटबॉल खेळायचा. कुरुळीच्या पोराला याहून बरा सौदा पिंपरीत मिळाला नसता. सौद्यात खोट एकच होती, आणि ती आता इस्पितळाच्या खाटेवर प्लॅस्टरमध्ये पडून होती.

"तर कादर," कारखान्याच्या टीमचे मॅनेजर लक्ष्मणराव खाटेशी स्टूल ओढत म्हणाले, "तुझा पाय मोडला कुठे?"

कादर त्यांच्याकडे बघतच राहिला. काल रविवारी मैदानाच्या कडेला हाच माणूस त्याच्या नावाने घसा फोडत होता.

"मैदानात की, साहेब. गोल मारला अन् त्यांचा बॅक अंगावर पडला. तुमीच तर उचललं मला."

"मी कुणाला उचललं नाही. नीट आठव. रजिस्टरप्रमाणे काल चार वाजता तू पॅकिंग खात्यात ओव्हरटाइमला होतास."

कागदावर कादर पॅकिंगमधला हेल्पर होता, कारण खेळाडू नावाची जागा कारखान्यात नव्हती. खातं त्याने बाहेरूनच पाहिलेलं. त्याचा पितळी बिल्ला रोज हजेरीच्या फळीवर अडकवायचा मोशीचा ज्योतीराम, आणि त्याच्या वाटणीचं कामही करायचा ज्योतीरामच. रविवारी ज्योतीरामला ओव्हरटाइम होता. हाताला सवय. आपल्या बिल्ल्याशेजारी त्याने कादरचाही अडकवला. इकडे कादर गोल मारत होता, तिकडे त्याचा बिल्ला ओव्हरटाइम कमावत होता.

लक्ष्मणरावांनी आवाज खाली आणला. "खेळताना मोडला म्हणालास तर करार संपला. कलम सात. पगार बंद, आठ दिवसांत खोली रिकामी. शिवाय बिल्ल्याचं खोटं उघडं पडलं म्हणून ज्योतीराम घरी, आणि त्याच्यामागून मी. कामावर, खोकी वाहायचा गाडा पायावरून जाऊन मोडला म्हणालास तर पाय बरा होईपर्यंत अर्धा पगार, वर विम्याकडून सातशे रुपये भरपाई. खोली तुझीच."

"अन् गोल?"

"कसला गोल? तू खात्यात होतास ना? टीमच्या वहीत मी तो सयाजीच्या नावावर टाकलाय. तसाही पोरगा राखीव म्हणून बसलाच होता."

कादरला समजेना. दोन हजार माणसांनी बघितलेला पाय मैदानात मोडला नव्हता, आणि ज्या गाड्याला त्याने कधी हात लावला नव्हता तो त्याच्या पायावरून गेला होता.

संध्याकाळी ज्योतीराम सहा केळी घेऊन आला. केळी खाटेवर ठेवून टोपी चाचपत उभा राहिला.

"कादरभाई, घरात खाणारी पाच तोंडं हायेत."

"तू गाडा घातलास का रं माझ्या पायावर?"

"न्हाई घातला." ज्योतीरामने टोपी काढून हातात घेतली. "पण तू म्हनशील तर घातला म्हनतो."

कादरला हसू आलं, आणि हसताना पायातून कळ गेली. "नगं. आपोआप घसरला म्हनू."

पंधरा दिवसांनी अपघाताच्या चौकशीला पुण्याहून सरकारी साहेब इस्पितळात आले. चष्मा जाड, अक्षर बारीक. लक्ष्मणराव खिडकीपाशी उभे राहिले, ज्योतीराम दाराशी.

"रविवारी चार वाजता कुठे होता?"

"पॅकिंगमधी, साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं. ज्योतीरामची साक्ष घेतली. मग पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "मी त्या दिवशी इथेच होतो. मॅचला. तुमच्या डाव्या विंगरने तिघांना चकवून कोपऱ्यात असा काही मारला, की वीस वर्षांत तसा गोल बघितला नव्हता. आमची टीम हरली. पैजेचे पाच रुपये गेले माझे. ओळखता का त्याला?"

लक्ष्मणराव छत बघू लागले. ज्योतीरामने दाराची कडी धरली.

कादरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओठांवर नाव आलं होतं. त्याने ते गिळलं.

"न्हाई, साहेब. मी ड्युटीवर होतो."

"मग मुकलात तुम्ही त्या गोलाला," साहेब म्हणाले. "भेटला तर सांगा, माझे पाच रुपये देणं लागतो." आणि त्यांनी कागदावर सही केली.

सातशे रुपये आले. पाय जुळला, पण वाकडा. चालता येईल, बॉल नाही, असं डॉक्टर म्हणाले. कादर आता खरोखरीचा हेल्पर झाला. पहिल्या पगाराच्या दिवशी तो लंगडत पोस्टात गेला आणि चौकशीच्या साहेबांच्या नावे पाच रुपयांची मनिऑर्डर केली. पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं: डावा विंगर, पॅकिंग खाते, पिंपरी.

"खुळा का काय तू?" ज्योतीराम गाड्यावरच बसला. "आपल्या हातानं लिहून दिलंस? आता पोलीस येतील!"

"आले तर येऊ देत," कादर म्हणाला खरा, पण आठ दिवस खाकी कपडा दिसला की तो गाड्याआड सरायचा.

नवव्या दिवशी पोलीस नाही, पोस्टमन आला. मनिऑर्डरची पोच होती. 'डावा विंगर' ही अक्षरं कादरची, आणि खाली पैसे मिळाल्याची साहेबांची सही, चौकशीच्या कागदावर होती तशीच, बारीक.

हिशेब मांडायचाच तर सातशे रुपये विम्याने भरले, ज्योतीराम आणि लक्ष्मणराव यांच्या नोकऱ्या फुकटात वाचल्या, सयाजीला गोल आयता मिळाला. पदरचे पाच रुपये मोजले ते एकट्या कादरने, आणि त्या गोलाची सही केलेली पावतीही मिळाली त्यालाच.