तिसरा हात

पितांबरनानांनी बटाट्यात खोचलेल्या टूथपिकवरचं इवलंसं ताट वळवून पाहिलं आणि त्याला रंगाचा तिसरा हात द्यायला घेतला. बटाटे सुनंदाबाईंच्या टोपलीतले, भाजीसाठी आणलेले होते.

दीपनगरच्या वीजकेंद्रात आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करून हा माणूस देवपूरच्या घरी येऊन बसला होता, आणि आता मोबाइलवर बघून नातीच्या जुन्या प्लास्टिकच्या भातुकलीला रंग देत होता. गॅस, कुकर, ओटा, ताट, सगळं त्यानं सुटं केलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं, वर प्रायमर लावला. हात पातळ हवा, दोन हातांच्या मध्ये धीर हवा, असं वर बायकोलाच शिकवणं. धीर म्हणे! खऱ्या स्वयंपाकघराच्या भिंतीचे पोपडे सुटले होते, आणि तिला एक हात मारून घ्या म्हणून सांगता सांगता सुनंदाबाईंची जीभ झिजली होती. ‘बघू’ यापलीकडे उत्तर नव्हतं. ज्याला घरातला साखरेचा डबा सापडत नाही, तो खेळण्यातल्या कुकरच्या शिट्टीला चंदेरी ठिपका देत होता.

आज पोपडा थेट भाकरीच्या पिठात पडला. सुनंदाबाईंनी तो उचलून बाहेर आणला आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरला. नानांनी ब्रशावरची नजर काढली नाही.

“आज भरताला फोडणी देऊ नकोस,” ते म्हणाले. “तेलकट धूर ओल्या रंगावर बसतो.”

सुनंदाबाई आत गेल्या आणि खमंग फोडणी दिली, दार सताड उघडं ठेवून.

दुपारी नाना हात धुऊन जेवायला बसले. समोर त्यांचंच रंगवलेलं ताट होतं, रुपयाएवढं. त्यात नखाएवढा भाकरीचा तुकडा आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढं भरीत.

“हे काय?”

“तुमना सयपाकघरमा रांधेल शे,” सुनंदाबाई म्हणाल्या. संतापल्या की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी येई. “पोटभर खा.”

भिंत रंगेपर्यंत जेवण याच ताटात मिळेल, हेही त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं.

नानांनी ताट दोन बोटांत उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं. मग नखानं भरीत बाजूला सारून, तेलानं रंग तर उतरला नाही ना, ते नीट पाहिलं.