देणं फिटल्यावर पुण्याला

दुधाचा रतीब सलिमानं सोमवारपासून बंद केला. दस्तगीरनं कोऱ्या चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "बरा लागतोय की."

"खोटं बोलू नका. काढा झालाय नुसता. ह्ये धरा दुधाचं वाचलेलं पैसं. घाला त्या बाबाच्या मढ्यावर."

"आसं म्हनू नगंस गं."

ज्याचं देणं फेडायचं तो हा बाबा कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. दस्तगीरचं लोणंदच्या पेठेत गाद्या भरायचं दुकान. जन्मभर कापूस पिंजून त्याच्या छातीत खोकल्यानं घर केलं होतं. चार पावलं भरभर चालला तरी धाप लागायची. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. आणि हा गडी एकच धोशा लावून बसलेला, "आदी एकाचं देनं हाय, ते फेडतो. मग पुन्याला."

सलिमानं विनवलं, भांडून पाहिलं, अबोला धरला. त्याचं आपलं तेच. शेवटी तिनं ठरवलं, हा ऐकत नाही ना, मग देणंच लवकर फेडू. हातचा माणूस गेल्यावर दूध-साखर काय चुलीत घालायची?

मग बाईनं कंबर कसली. शुक्रवारचं मटण गेलं. केबल गेली. फोडणीला तेल चमच्यानं मोजून पडायला लागलं. डाळ रात्री भिजवून सिलिंडर पुरवून पुरवून वापरला. मोबाईलचं रिचार्ज संपलं ते संपलंच, आटपाडीला दिलेली लेक रुक्सार फोन करेल तेव्हाच बोलणं. ईदेला गादीच्या खोळीचं उरलेलं कापड काढून तिनं स्वतःला कुर्ता शिवला. शेजारची सबीनाचाची हसली, "काय गं, गादी घालून आलीस व्हय?" सलिमाही हसली. घरी येऊन मात्र ढसाढसा रडली. कुर्त्याचं तिला काही नव्हतं, आत दस्तगीर खोकत होता.

दर महिन्याला ती विचारायची, "किती ऱ्हायलं?"

"हाय अजून. वाढलंय."

"वाढलं? व्याज खातोय व्हय मेला?"

"व्याज न्हाई. तसंच वाढतंय ते."

"ह्यो कसला सावकार म्हनायचा! आवं, नाव तरी सांगा. मी जाऊन पाया पडते. म्हनते, माज्या नवऱ्याला बरं हुंदे, मग घे तुजं."

दस्तगीर हसायचा आणि हसता हसता खोकायला लागायचा. धाप ओसरली की म्हणायचा, "मानूस चांगला हाय. कदी तोंडानं मागितलं न्हाई. म्हनून तर दिलं पायजे."

"न मागनारा मानूस आनि चा आमच्या घरातला काळा!" ती फणकारायची. नमाजाला बसली की दुवा नवऱ्यासाठी मागायची आणि जाता जाता त्या माणसाला दोन शिव्याही घालायची. अल्ला समजून घेईल, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी दस्तगीर पिशवीत मटण घेऊनच घरी आला. चेहरा असा फुललेला, की सलिमा बघतच राहिली.

"पैसं पुरं झालं. उद्या सकाळी देनं देऊन टाकतो. परवा पुन्याला जाऊ."

"खरं?"

"तुजी शपथ."

सलिमानं रस्सा केला. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. तिनं त्याचे कपडे पिशवीत भरले, एक्सरे वर ठेवला, आणि कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

पहाटे फजरच्या नमाजाला ती त्याला उठवायला गेली. तो उठला नाही.

खंडाळ्याहून धाकटा दीर मोहसीन आला. मयताला गुसलची आंघोळ घातली, कफन झालं. आत बायकांच्या गराड्यात सलिमा कोरड्या डोळ्यांनी बसली होती. सबीनाचाचीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरी, जनाजा उचलायच्या आदी मेहर माफ कर. मयताच्या मानेवर बोजा नगं."

मेहर म्हणजे निकाह लागताना नवऱ्यानं बायकोला द्यायचं कबूल केलेलं. नंतर कोण काढतंय त्याची आठवण? बायका शेवटी मयताजवळ बसून माफ करतात आणि मोकळ्या होतात.

"केला माफ," सलिमा म्हणाली. तिचं चाचीकडं ध्यानच नव्हतं. पडद्यापलीकडं मोहसीन रिवाजाप्रमाणं पुकारत होता, "माज्या भावाकडं कुनाचं काय देनं ऱ्हायलं आसंल तर आत्ताच सांगा. मी फेडीन."

सलिमानं पडद्याच्या फटीला डोळा लावला. आज तरी त्या सावकाराचं तोंड बघायला मिळेल. गर्दीतून पेठेतला नानासो सोनार पुढं आला. तिचं रक्त उसळलं. हाच तो! ह्याच्यापायी माझा माणूस गेला.

नानासो मोहसीनशी काही बोलला. मोहसीन त्याला पडद्याजवळ घेऊन आला.

"भाभी," नानासो म्हणाला, "माजं काय देनं न्हाई. त्येंचीच वस्तू माज्याकडं ऱ्हायलीया. सोन्याचा भाव चढत गेला, म्हनून जमवाय लय दिस लागलं त्येस्नी. काल पैसं पुरं केलं, आज सकाळी न्यायला येतो म्हनलेते."

पडद्याखालून एक डबी आत सरकली. चाचीनं ती उघडली. आत दोन बांगड्या होत्या.

"मी लय सांगितलं, दस्तगीरभाई, आदी औषदपानी बघा. तर म्हनले, निकाहात सलिमाला दोन तोळं कबूल केल्यात, माज्या मयतापाशी बसून माफ केलं म्हनायची पाळी तिच्यावर येऊ न्हई."