दोन बोटं कमी

“टाचा उचलायच्या नाहीत. सरळ उभा राहा,” शिंपी म्हणाला आणि त्याने टेप टिल्लूच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत सोडली. “दोन बोटं कमी. आता काय करायचं?”

बायकोने पाण्याची बाटली पिशवीत ठेवली. “करायचं काय? मी गाडीवाल्या काकांशी बोलून येते,” असं म्हणून ती रांग सोडून पुढे गेली.

थीम पार्कात खेळ पुष्कळ होते, पण शिंप्याचा जीव या छोट्या आगगाडीत अडकला होता. गाडीच्या तोंडाशी एक लाकडी जिराफ उभा होता आणि त्याच्या पोटावर लाल रेघ होती. डोकं रेघेला लागलं तरच आत सोडायचे. मागच्या खेपेलाही टिल्लू असाच दोन बोटांनी राहिला होता आणि त्या दिवशी शिंप्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

लेकीची उंची केव्हाच भरली होती. पण बाबाचा नियम होता, बसायचं तर दोघा भावंडांनी, नाहीतर कोणीच नाही. लेक सहा वर्षांची. नियम तिने मुकाट्याने मानला होता, फक्त गाडीची शिट्टी वाजली की तिची मान आपोआप तिकडे वळायची.

“टिल्लू, ताईचा हात धर,” शिंपी म्हणाला.

लेकीने हात पुढे केला. “धरलाय त्याने, बाबा.”

तसा दिवस चांगला चालला होता. टिल्लू सकाळपासून बाबाच्या खांद्यावर होता, कधी कान ओढत, कधी केस विस्कटत. बायको दोनदा म्हणाली, “अहो, जरा मोकळे चाला. मान अवघडेल.” शिंप्याने मनावर घेतलं नाही. पोटच्या पोराचं कुठे ओझं होतं?

उलट त्याला खाली उतरवलं की शिंपी त्याचा हात सोडायचा नाही. मधल्या चौकात कारंज्याचा मोठा हौद होता. तिथून जाताना तो टिल्लूच्या आणि पाण्याच्या मधून चालला, बायकोने हाक मारली तरी थांबला नाही. नजर एक क्षण हलते, तेवढंच पुरतं. हे त्याला कोणी सांगायला नको होतं. टिल्लूची बोटं त्याच्या मुठीत गार पडली होती. हौद मागे पडला तरी तो ती चोळत राहिला.

जेवताना त्याने शर्टाचा विषय काढला. आजच्यासाठी त्याने मुद्दाम पिवळा शर्ट शिवला होता, खिशावर दोऱ्याने इंजिनही काढलं होतं. माप घ्यायची गरजसुद्धा पडली नव्हती. दुकानात टिल्लूच्या मापाचा जुना कागद होता, तोच ठेवून त्याने कापड बेतलं.

“घाल ना त्याला,” तो म्हणाला.

“डाग पडतील हो. घरी गेल्यावर बघू.” बायकोने पिशवीची चेन ओढून घेतली.

“अगं, शर्ट काय कपाटाला घालायला शिवलाय मी?”

लेक फिसकन हसली. आईने तिच्याकडे पाहिलं तशी ती ताटात बघून खाऊ लागली.

आता रांग सरकली आणि मागची एक बाई फोनवर बोलत थेट टिल्लूच्या अंगावर आली. “अहो बाई, डोळे आहेत का? पोर चिरडेल ना,” शिंपी खेकसला. बाई दचकून मागे सरली आणि खाली बघत राहिली. तेवढ्यात बायको परत आली, ती वर त्या बाईचीच माफी मागू लागली. शिंप्याचं डोकं तापलं. स्वतःच्या पोराची बाजू घ्यायला हिची जीभ उचलत नाही, ही कसली आई, असं त्याच्या मनात आलं.

त्यांचा नंबर लागला. गाडीवाले काका वयस्क होते. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग टोपी मागे सरकवून ते वाकले.

“या महाशय,” ते म्हणाले आणि त्यांनी जिराफाच्या पोटाशी आडवा तळहात धरला. बराच वेळ धरला. “भरली हो उंची. बसू दे दोघांना.”

शिंप्याचा हात खिशातल्या टेपकडे गेला. वीस वर्षांत त्याचं माप कधी चुकलं नव्हतं. पण आज चुकलं असेल तर देव पावला. त्याने हात काढून घेतला.

शेवटच्या डब्यात दोघांची जागा झाली. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा शिंप्याने श्वास रोखून धरला. ती बाहेर आली तेव्हा लेकीचे दोन्ही हात वर होते आणि ती खिदळत होती.

“अगं, त्याला धर. पडेल ना तो,” शिंपी कठड्यावरून ओरडला.

लेकीचं हसू मावळलं. तिने एक हात खाली घेतला, शेजारी लपेटला आणि उरलेल्या दोन्ही फेऱ्या ती तशीच बसून राहिली. शिंप्याचे डोळे भरून आले. टिल्लू गाडीत बसला होता. इतका आनंद त्याला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

“मजा आली का त्याला?” गाडी थांबल्यावर त्याने विचारलं.

“हो बाबा. खूप.”

तुला आली का, हे विचारायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने टिल्लूला पुन्हा खांद्यावर घेतलं आणि तो फाटकाकडे निघाला. मायलेकी चार पावलं मागे होत्या. गर्दीच्या गोंगाटात आपलं बोलणं बाबांपर्यंत पोचणार नाही, असं लेकीला वाटलं असावं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “टिल्लूदादा तर मी व्हायच्या आधीच गेला ना? मग तो मला दिसतो असं बाबांना अजून किती वर्षं सांगायचं?”