कललेला मांडव

थोरल्या जैबुनचं लग्न झालं, त्याच वर्षी गावचे फोटोग्राफर हुसेन शिकलगारांनी पृथ्वीची ओढ ओळखून आपोआप सरळ होणारा कॅमेरा घेतला. माळावरच्या मांडवात लेकीचे फोटो त्यांनीच काढले, आणि सगळे डावीकडे कलले.

"अहो व्याही, मान आखडली का काय तुमची?" जैबुनचे सासरे खिदळले.

आता फोटोला कोण बोलावणार? धास्तावलेले हुसेन कॅमेरा घेऊन माळभर फिरले. एका खडकापलीकडे गेल्यावर फोटो उजवीकडे कलू लागले.

"अरे, या खडकाखाली पोकळी आहे! इथं ओढ कमी पडते, म्हणून कॅमेरा दोन्ही बाजूंनी खडकापासून लांब कलतोय!"

टँकरवर जगणाऱ्या गावानं पाण्याच्या आशेनं तिथं खणलं, तर गोड पाणी उसळलं. सासऱ्यांनी हुसेनना खांद्यावर घेऊन नाचवलं. त्या नाचाचा फोटो विहिरीवर लावलाय, कललेलाच.

हुसेन शिकलगार त्यानंतर अकरा वर्षांनी, बैलांच्या सणाला, बेंदराच्या दिवशी वारले.